नाकबाई आणि दालचिनीची वाफ

माझ्या नणंदबाई हयात आहेत, पलीकडच्या खोलीत आहेत, आणि मी त्यांच्यावर लिहितेय हे कळलं तर घर डोक्यावर घेतील. घेऊ देत. सत्तेचाळीस वर्षं मी त्यांचा स्वभाव सोसला, आता चार पानं त्यांनी माझी सोसावीत.

मी त्यांना वन्सं म्हणते, त्या मला वहिनी म्हणतात, आणि दोघी एकमेकींना अहो-जाहो करतो. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना आमची सगळी भांडणं ऐकू जातात. त्या एकदा म्हणाल्या, "इतक्या आदराने एकमेकींच्या जिवावर उठलेली माणसं मी पाहिली नाहीत."

कारखान्यात वन्संना नाकबाई म्हणत. कारखाना स्वादांचा. बिस्किटाला, गोळीला, खोकल्याच्या औषधाला, टूथपेस्टला जो वास आणि जी चव असते, ती कुठेतरी तयार होते, ती तिथे. लांबलचक पत्र्याची शेड, एका टोकाला पिंपं, दुसऱ्या टोकाला बाटल्या भरायचं टेबल आणि मध्ये काचेची खोली. त्या खोलीत वन्सं अडतीस वर्षं बसल्या. बाकी सगळं वजनाने आणि मापाने मिसळलं जाई, पण शेवटचे थेंब वन्संचे. कागदावर त्या रकान्यात आकडा नसे, नुसतं लिहिलेलं असे : 'शेवटचा हात, नाकाने.' त्या ड्रॉपरने एक थेंब सोडत, कागदाची अरुंद पट्टी बुडवत, हवेत दोनदा हलवत, नाकाखाली धरत आणि डोळे मिटत. मग आणखी एक थेंब. मग ती पट्टी टेबलावरच्या सगळ्यांच्या हातांतून फिरे. कुणाला काही वेगळं वाटलं तर त्याने बोलायचं, असा मालकांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम होता. अडतीस वर्षांत कुणी बोललं नव्हतं. पट्टी परत आली की वन्सं सही करत, आणि सही झाली की माल पास.

"यंत्रं दुसऱ्यांकडे," मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "आमच्याकडे नाकबाई आहेत."

हे नाक घरी यायचं ते काही बाहेर काढून ठेवून यायचं नाही. आणि ते कारखान्यात लागायच्या आधीपासूनच तसं होतं. माझ्या लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी वन्संनी माझी कपड्यांची पेटी उघडली, वाकून वास घेतला आणि आपल्या भावाला सांगितलं, "दादा, ही पेटी भिंतीपासून लांब ठेव. हिच्या माहेरच्या घराला ओल आहे." हे हसले. मी हसले नाही. ओल होती, हेच तर दुखणं.

घरात सुगंधी साबण चालत नसे. फुलं नाहीत, फिनेल नाही. कांदा चिरायचा तो स्वयंपाकघराचं दार लावून, खिडकी उघडून आणि शक्यतो वन्सं कामावर गेल्यावर. ज्याला सर्दी झाली तो वाळीत.

"माझं नाक म्हणजे सुताराचा हात आहे, वहिनी," त्या म्हणत. "सुताराचा हात तुम्ही पोळून काढाल का?"

"सुतार बायकोला शिंकायची बंदी करत नाही."

"करत असता तर टेबलं सरळ झाली असती."

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण अकरा वर्षांपूर्वी हे आजारी पडले. ताप, छातीत कफ, बोलताना धाप. नऊ दिवस घरी होते. त्या नऊ दिवसांत वन्संनी त्यांच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. चौकटीबाहेर उभं राहून तोंडावर रुमाल धरून विचारायच्या, "दादा, आज कसं वाटतंय?" सातव्या दिवशी हे म्हणाले, "आत ये ना गं जरा." वन्सं म्हणाल्या, "येते हं. ही मोठी ऑर्डर एवढी जाऊ दे." दहाव्या दिवशी ह्यांना रुग्णालयात हलवलं आणि तिथे आत सोडायला मनाई होती. ऑर्डर वेळेवर गेली. हे परत आले नाहीत. मी हे विसरले नाही, आणि विसरायचा प्रयत्नही केलेला नाही.

तर अशी ही नाक जपणारी बाई. तीन वर्षांपूर्वी मालकांच्या डोक्यात वाफ शिरली. ई-सिगारेटच्या नळीत जे लिक्विड भरतात त्याला स्वाद लागतो. तो आपण करायचा, असं त्यांनी ठरवलं. वन्संनी आधी नाक मुरडलं.

"धूर ओढणाऱ्यांसाठी मी काम करत नाही."

"धूर कुठे, नाकबाई? वाफ! आणि आपल्या लिक्विडमध्ये निकोटीन नाही. नुसता स्वाद. तुम्ही बिस्किटात घालता तोच."

'तोच' ह्या शब्दाने घात केला. त्या कारखान्यात पिढ्यान्‌पिढ्या एकच कसोटी होती : जिभेला चालतं ते चालतं. प्रत्येक बरणीवर 'खाण्यायोग्य' असा शिक्का होता. बिस्किट पोटात जातं आणि वाफ फुप्फुसात जाते, आणि पोटाला जमतं ते फुप्फुसाला जमेलच असं नाही, हे त्या शेडमधल्या एकाही शहाण्याच्या मनात आलं नाही. कारण आजवर तिथे जे जे बनलं ते गिळण्यासाठीच बनलं होतं. वन्संनी दालचिनीचा अर्क जिभेवर ठेवला, मान डोलावली आणि कामाला लागल्या.

पण वाफेचा स्वाद पट्टीवर कळत नाही. तापला की बदलतो. त्यामुळे तो ओढूनच बघावा लागे. जन्मात विडी-सिगारेटला हात न लावलेली साठीची बाई दिवसाला तीस-चाळीस झुरके घेऊ लागली. पाच महिन्यांत सतरा नंबर जमला. समोर दालचिनी, मागून लोणी, सगळ्यात शेवटी भाजलेल्या साखरेची कड. मला कबूल करायला हवं, वास सुरेख होता. सतरा नंबर तुफान चालला.

मी सांगायचं तेव्हा सांगितलं होतं. "जन्मभर दुसऱ्यांच्या सर्दीला भ्यालात, वन्सं, आणि आता स्वतःच्या छातीत कारखाना काढलात."

"तुम्ही दालचिनी खात नाही का?"

"खाते. पण श्वासातून भरत नाही."

"निकोटीन नाही त्यात."

"विष नाही म्हणजे औषध झालं का?"

"वहिनी, स्वादाबद्दल तुम्ही बोलू नका. तुमच्या हातचं मी चव्वेचाळीस वर्षं खातेय."

मला शाळेपासून रोज एक पान लिहायची सवय आहे. मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांनी शिकवलं होतं : आधी तारीख, मग घडलं ते, मग वाटलं तर मत. त्या पानांप्रमाणे, वाफ सुरू होण्याआधीच्या पस्तीस वर्षांत वन्संना सर्दी झाली चार वेळा. त्यानंतरच्या दोन हिवाळ्यांत सात वेळा. शिवाय तोंडात फोड, बरा होऊन पुन्हा उलटणारा ताप, आणि दोनदा न्यूमोनिया. मी हे काळजीने टिपून ठेवलेलं नव्हतं. उट्टं काढायला उपयोगी पडेल म्हणून टिपलं होतं.

दुसऱ्या न्यूमोनियात त्या घरीच होत्या. मी त्यांचं ताट उंबऱ्यावर ठेवायची, दारावर टकटक करायची आणि चौकटीबाहेर उभी राहून विचारायची, "वन्सं, आज कसं वाटतंय?" मुद्दाम. शब्द न शब्द तोच. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं.

"फेडताय का, वहिनी?"

"हो."

"फेडा," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

चौथ्या दिवशी मी आत गेले. दया आली म्हणून नव्हे. चादर बदलायची होती, आणि ती बाहेरून बदलता येत नाही.

ताप उतरल्यावर मी त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीण तरुण होती, केस वर बांधलेले, बोलणं नेमकं. काम काय करता, असं तिने विचारलं. वन्संनी तोऱ्यात सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं.

"दिवसाला किती झुरके?"

"चाळीस. पण निकोटीन नाही."

"निकोटीनचं मी विचारलंच नाही," ती म्हणाली. "हे बघा, फुप्फुसात राखणदार पेशी असतात. बाहेरून जंतू आला की त्याला गिळायचं, हे त्यांचं काम. प्रयोगशाळेत अशा पेशी काचेच्या बशीत घेऊन त्यांच्यावर दालचिनीच्या स्वादाचं लिक्विड घातलं, तेव्हा त्यांची गिळायची ताकद कमी झालेली दिसली. निकोटीन नसताना. लोण्याच्या स्वादाचं वेगळंच प्रकरण आहे. तो तयार करणाऱ्या कारखान्यांत कामगारांची फुप्फुसं कायमची बिघडलेली आहेत. खायला चालतं म्हणून श्वासात चालतं, असं नसतं."

"म्हणजे माझा आजार माझ्या स्वादाने झाला, असं तुम्ही लिहून देता?"

"नाही. बशीत दिसलं ते माणसात किती आणि किती दिवसांनी होतं, हे अजून नीट ठरलेलं नाही. तुमच्या एकट्यावरून तर मुळीच ठरत नाही. पण मी तुमच्या जागी असते तर आज थांबले असते."

"लिहून देत नाही," वन्सं उठत म्हणाल्या, "तर थांबत नाही."

जिन्यात मी म्हटलं, "घर जळतंय की नाही ते ठरेपर्यंत आत बसून राहणार का?"

"तुम्हाला बरं वाटत असेल ना वहिनी, मी चुकले म्हणून?"

"अजून नाही. चुकलात हे मान्य केलंत की वाटेल."

बारा दिवसांनी त्या कामावर गेल्या. आणि तिथे चोरीचं प्रकरण निघालं.

दालचिनीच्या अर्काची एक बरणी महिनाभर पुरायची. ती सतरा-अठरा दिवसांत संपू लागली होती. माल तेवढाच, बाटल्या तेवढ्याच. वन्संनी सरळ भांडारवाल्याला धरलं. हा माणूस बावीस वर्षं तिथे. त्याच्या अंगावर चोरीचा आळ, तोही चारचौघांत.

"नाकबाई, मी दालचिनी चोरून करू काय?" तो म्हणाला. "बायकोला पाजू?"

"बरण्या कुठे जातात ते सांग."

"तुमच्याच खोलीत जातात. तिथून पुढचं मला काय माहीत?"

वन्संनी नवी बरणी स्वतःच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. बरणी एकोणिसाव्या दिवशी संपली.

त्या संध्याकाळी त्या घरी आल्या. हातपाय धुतले, टेबलाशी बसल्या, पर्समधून दोन छोट्या बाटल्या काढल्या, दोन पट्ट्या बुडवल्या आणि माझ्यासमोर धरल्या.

"ह्यातली तीव्र कोणती?"

"मला कशाला विचारता? मी ओल लागलेल्या घरातली."

"वहिनी, विचारतेय ते सांगा."

"कारखान्यात पंचवीस माणसं आहेत, वन्सं."

"त्यातलं प्रत्येक माझ्याशी गोड बोलतं." त्यांचा आवाज बसलेला होता, नाक चोंदलेलं. "तुम्ही बोलणार नाही."

मी पट्ट्या हुंगल्या. नाकाची पारख-बिरख काही लागत नव्हती. डावीकडच्या पट्टीत दालचिनी होती. उजवीकडचीने डोळ्यांत पाणी आलं.

"उजवी," मी म्हटलं. "दुप्पट तरी असेल. जास्तच."

वन्संनी पट्ट्या उलटून मागची अक्षरं पाहिली. डावी सतरा नंबरचा पहिला नमुना होता, पास झाल्या दिवशी मोहोर लावून ठेवलेला. उजवी गेल्या आठवड्यातली, त्यांच्याच सहीची.

मला समजायला वेळ लागला. त्यांना लागला नाही. सर्दीने नाक मंद झालं होतं. मंद नाकाला दालचिनी कमी वाटायची, म्हणून थेंब वाढायचे. थेंब वाढले की ओढून बघताना छातीत जास्त जायचं. त्यातून पुन्हा सर्दी, पुन्हा मंद नाक, पुन्हा चार थेंब जास्त. आकडा कुठे लिहायचाच नव्हता; 'शेवटचा हात, नाकाने'. चोर दुसरा कुणी नव्हता.

"किती महिने?" मी विचारलं.

"बरण्यांवरून बघायचं तर आठ." त्या पट्ट्यांकडे बघत राहिल्या. "वहिनी, ह्या बाटल्या लोक ओढतायत."

"ते मी तुम्हाला तीन वर्षं सांगतेय."

"तुम्ही मला ओढू नका म्हणत होतात. लोकांचं कधी बोललात?"

लोकांचं मी बोलले नव्हते. नव्हते म्हणजे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर गेले. धापेमुळे त्यांना बॅग उचलवत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा चेहरा बघायचा होता. अडतीस वर्षं ज्या नाकासाठी आमचं घर मुठीत धरलं, ते नाक खाली येताना मला बघायचं होतं.

वन्संनी सगळ्यांना टेबलाशी बोलावलं. बाटल्या भरणाऱ्या बायका, पिंपवाले, भांडारवाला. मालक चहाचा कप घेऊन दाराशी उभे राहिले. वन्संनी दोन पट्ट्या बुडवल्या आणि एकीकडून एक, दुसरीकडून एक फिरवायला दिली. पट्ट्या हातोहात गेल्या. कुणी बोलेना.

"फरक आहे का?" वन्सं म्हणाल्या.

सगळे टेबलाकडे बघत होते.

"मी विचारतेय."

शेवटी भरणीवरची सगळ्यात जुनी बाई म्हणाली, "आहे की. ही लई कडक आहे."

"कधीपासून?"

"झाले सात-आठ महिने. माझ्या तर बाटल्या भरताना हाताची आग होते."

"आठ महिने!" वन्संचा आवाज फुटला. "दर आठवड्याला पट्टी तुमच्या हातून जाते. आणि तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत?"

"बाई, पट्टी तुमच्याकडून यायची," ती म्हणाली. "तुम्हाला कमी वाटत असेल म्हणून वाढवलं असेल, असं वाटलं. तुमच्या नाकापुढे आमचं नाक ते काय!"

"मला वाटलं नवीन नंबर आहे," पिंपवाला म्हणाला.

"मी तर बोललो होतो बरण्यांचं," भांडारवाला म्हणाला, "मला चोर ठरवलंत."

वन्सं त्याच्याकडे वळल्या. त्यांना माफी मागायची सवय नाही. शब्द कुठे ठेवलेत ते शोधावं लागलं. "तू चोर नाहीस," म्हणाल्या. "मीच होते. सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांसमोर सांगते."

मग त्यांनी कपाटातून सतरा नंबरचे कागद काढले. चौतीस होते. प्रत्येकावरची स्वतःची सही आडव्या रेघेने खोडली, शेजारी लिहिलं 'नाकाने तपासलेलं नाही', आणि पुढचा ओढला. एकेक करून चौतीस. शेडमध्ये फक्त कागदांचा आवाज आणि मधूनमधून त्यांचा खोकला. तो चेहरा बघायला मी गेले होते. बघितला. अपेक्षेप्रमाणे समाधान झालं नाही, आणि ह्याचाही मला राग आला.

मालकांनी कप खाली ठेवला. "नाकबाई, हे काय चाललंय? तो माल गेलाय, विकला गेलाय. गिऱ्हाईक तर म्हणतंय, हल्ली सतरा नंबर जास्त रंगतो."

"रंगतो कारण मला वास येत नाही म्हणून मी ओतत गेले."

"मग रंगला ना? बिघडलं कुठे?"

"परत मागवा."

"खाण्यायोग्य आहे तो!"

"ते खात नाहीत, मालक. ओढतात." त्यांनी बॅग माझ्याकडे दिली. "माझ्या नाकावर हे विकायचं नाही."

ह्यापुढे मी त्या मालकाला अहो-जाहो लिहिणार नाही. माझी वही आहे, माझी मर्जी.

तीन आठवड्यांनी तो घरी आला. हातात भारी चामड्याचा फोल्डर, अंगावर नवा कोट. एका मोठ्या गिऱ्हाइकाला आधीच्या मालाचे तपासणीचे कागद हवे होते आणि खोडलेल्या सह्या दाखवता येत नव्हत्या. त्याने चौतीस कागद नव्याने छापून आणले होते. जुन्या तारखा, कोरी सहीची जागा.

"नाकबाई, तुम्ही विश्रांती घ्या, हवी तेवढी," तो खुर्चीत टेकून म्हणाला. "कारखाना तुमचाच आहे. एवढ्या सह्या झाल्या की मी तुम्हाला त्रास देणार नाही."

"माल परत मागवलात?"

"बघू ना. सगळं होईल."

"म्हणजे नाही," मी म्हटलं.

"ताई, हे कामाचं बोलणं आहे."

"माझ्या घरात बसून मला कामाचं बोलणं आहे म्हणून सांगताय का? मग रस्त्यावर जाऊन बोला, तिथे मी येत नाही."

वन्संनी मला हाताने थांबवलं. उठून टेबलाच्या खणातून वाफेची नळी काढली. त्यांच्या कामाची, शेवटच्या बॅचचा सतरा नंबर भरलेली. त्याच्यासमोर ठेवली.

"ओढा."

"आत्ता?"

"आत्ता. एका झुरक्याला एक सही. चौतीस झुरके. मी दिवसाला चाळीस घ्यायचे."

त्याने नळीकडे पाहिलं. मग वन्संकडे. मग हसला, पण ते हसू अर्ध्यावर राहिलं. "माझी छाती लहानपणापासून नाजूक आहे, नाकबाई. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मला हे असलं काही चालत नाही."

"तुम्ही कधी ओढलीच नाही? तीन वर्षांत एकदाही?"

"मला गरज काय पडली?" तो म्हणाला. "तुम्ही होतात ना."

त्याला कळलंही नाही आपण काय बोललो ते. वन्संनी चौतीस कोरे कागद गोळा केले, कडा जुळवल्या, फोल्डरमध्ये ठेवले आणि फोल्डर त्याच्या मांडीवर ठेवला.

"जिना अरुंद आहे," म्हणाल्या. "कठड्याला धरून उतरा."

तो गेला. मी खिडकी उघडली.

"गार वारं येतंय, वहिनी. खिडकी कशाला?"

"वास जाऊ दे."

"कसला वास?"

मी वळून पाहिलं. त्या खरंच विचारत होत्या. "त्याच्या अत्तराचा," मी सांगितलं. "खोली भरलीय. जिनासुद्धा भरला असेल."

वन्संनी मान वर करून हवा ओढून पाहिली. मग म्हणाल्या, "वीस वर्षांत तो माझ्यासमोर कधी अत्तर लावून आला नाही. काचेच्या खोलीत मनाई होती. लग्नघरातून आला तरी आधी मान धुऊन यायचा." त्यांनी नळी उचलली, हातात फिरवली. "म्हणजे घरून निघतानाच त्याला माहीत होतं. मला वास येणार नाही."

त्यांना बरं वाटेल असं काहीतरी मी बोलू शकले असते.

"हो," मी म्हटलं. "त्याला माहीत होतं."

त्यांनी नळी केराच्या डब्यात टाकली आणि झाकण असं आपटलं की खालून शिंपीणबाईंनी काठीने छत ठोकलं.

ह्याला पाच महिने झाले. वन्सं कामावर जात नाहीत. ह्या हिवाळ्यात सर्दी एकदाच झाली, ताप नाही. वास निम्मा परत आलाय. कांदा कळतो, फूल कळत नाही. डॉक्टरीण म्हणते, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. वन्सं म्हणतात, बरोबर आहे तिचं, नुसत्या अंदाजावर सही करणारी माणसं मी बघितली आहेत. मी म्हणते, सूर्य उगवला हे सांगायला मला कुणाची सही लागत नाही. ह्यावरून आठवड्यातून दोनदा वाजतं.

सतरा नंबर अजून विकला जातो. सह्या आता मालकाची सून करते. तिलाही कागदावर आकडा लिहावा लागत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात काचेमागे रांगेने बाटल्या ठेवल्यात, लालसर तपकिरी, दिसायला फार छान. वन्सं त्या फुटपाथने जात नाहीत. मी जाते. दुकानात जे कुणी उभं असेल त्याला विचारते, हे कुणी ओढून बघितलं ते माहीत आहे का, आणि मग सांगते. दुकानदार म्हणतो, आजीबाई, तुमचं काय जातं? मी म्हणते, काही नाही, मला वेळ भरपूर आहे. काल त्याने मला लांबूनच पाहिलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. मी वाकून आत गेले.